चव्वेचाळीस नग

खानापुरात स्टेशन रोडला, कौलांच्या वखारीला लागून
भरमाण्णा किणयेकराचं दुकान.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हींचा रंग एकाच उन्हानं उडालेला.

दोन हजार सातच्या दिवाळीआधी त्यानं
हुबळीच्या एजंटाकडून उचलले
पन्नास नग.
ऑरिया म्हणून कंपनी. तळहातात मावणारं यंत्र, गाणी ऐकायचं,
गडद तपकिरी.
"कुंद्याचा रंग," भरमाण्णा म्हणायचा.
गिऱ्हाईक म्हणायचं, "शेणाचा."

मी तेव्हा तिथं सोल्डरिंग शिकत होतो.
खरं सांगतो, आवाज चांगला होता.
तबल्याच्या शाईवर बोट कुठं पडलं ते कळायचं.
आत रेडिओ होता. गावात धारवाड लागायचं,
जांबोटीच्या चढावर पणजी.
बॅटरी नखानं काढता यायची.
त्या दुसऱ्याला, पांढऱ्याला, चाकवाल्याला
यातलं काहीच नव्हतं.

पण पांढरं आधी आलं होतं.
बेळगावात कॅम्पातल्या पोरांच्या कानांतून पांढऱ्या वायरी लोंबायच्या
आणि टिळकवाडीत क्लासला जाणारी आमची पोरं
ते बघून संध्याकाळच्या गाडीनं परत यायची.
ज्यांना ते परवडत नव्हतं
त्यांनाही, परवडत नाही म्हणून सांगायला,
तेच हवं होतं.

सात गेले. एक परत आला:
"ह्याला कव्हर मिळत नाही कुठं."
"शिवून घे की बायकोकडनं," भरमाण्णा म्हणाला,
पण पैसे दिले.
चर्चच्या फादरांनी पिन हरवली,
अख्ख्या खानापुरात ती पिन दुसऱ्या कुणाकडं नव्हती.
त्या रात्री शटर ओढताना भरमाण्णा बोलला,
"सोयरीक बघ. पोरगा कसा का असेना,
त्या घरात आपल्यातली कोण दिलीय,
ते आधी विचारत्यात."

आणि पडदा.
मराठी गाण्याचं नाव घातलं की चौकोन चौकोन.
कन्नड घातलं, तरी चौकोन चौकोन.
"बघ, ह्याला दोन्ही सारखीच," तो हसला,
"सीमेवर असलंच कायतरी पाहिजे."
मग कितीतरी वेळ बटण दाबत राहिला,
एकामागून एक चौकोन.

पुढं मोबाईलात मेमरी कार्ड आलं.
दहा रुपयांत शंभर गाणी, मीच भरून द्यायचो.
पांढरंही गेलं.
पण त्याला 'गेलं' म्हणतात.
आमचं आलं होतं, हेच कुणाच्या ध्यानात नाही.

दुकान आता मी बघतो.
भरमाण्णा स्टुलावर बसतो, डावा हात मांडीवर ठेवून;
तो त्याला उचलून ठेवावा लागतो.
माळ्यावर चव्वेचाळीस खोकी.

वर्षा-दीड वर्षानं नंदगडची निंगव्वा येते.
सातांतली ती एक.
कमरेच्या पिशवीतून तपकिरी यंत्र काढते,
रंग आता खरंच कुंद्यासारखा झालाय, हातानं घासून.
मी माळ्यावर चढतो, खोकं फोडतो,
बॅटरी जिभेला लावून बघतो.
तीन फोडली की एखादी चार्ज धरते.

ती काय ऐकते, ते एकदा ऐकवलं तिनं.
धारवाडचे बाजारभाव. दोन हजार आठचे.
तिनंच रेडिओवरून धरून ठेवलेले:
ब्याडगी मिरची, ज्वारी, हत्ती,
आणि मध्येच निवेदक खोकतो,
"क्षमिसी" म्हणतो, पुन्हा ज्वारीपासून सुरू करतो.
तिथं ती हसते. दरवेळी. पदर तोंडाला लावून.
का, ते मी विचारलं नाही.

"किती उरली?" भरमाण्णा खालून विचारतो.
मी मोजतो. "तेरा."
"हदिमूरु," तो तिच्यासाठी सांगतो.
ती बोटांवर काहीतरी हिशेब करते,
खोक्यांचा की वर्षांचा, कळत नाही,
आणि पैसे विचारते.
भरमाण्णा दरवेळी सांगतो तो आकडा
दोन हजार सातचाच असतो.